ट्राउडलच्या बाकावरची बोली

बाक फुटपाथवर होता.

लंडनच्या कडेला, पिनरला बाबांना भेटायला गेले होते. शेजारच्या घरासमोर भंगार टाकायची पिवळी स्किप उभी, तिच्यात जुने गालिचे, पडदे, मोडकी लॅम्पशेड. आणि आत मावेना म्हणून हा बाहेर टेकवलेला. काटकोनात वळलेला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसेल असा पाइनचा बाक. पाठीवर तीन पानं कोरलेली, त्यातल्या एकाचा शेंडा उडालेला. पावसाची भुरभुर चालू होती आणि लाकूड भिजून काळं पडत होतं. मी छत्री धरून उभी राहिले. पाय दुखत होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, बसले असते तर कोण विचारणार होतं? पण बसले नाही. त्या बाकावर बसायचं तर कुणीतरी ‘बस’ म्हणावं लागतं, आणि मला ते कधीच कुणी म्हटलं नव्हतं. तिशी आली तरी तो राग माझ्या पोटात जिवंत आहे, हे त्या दिवशी कळलं.

वाकून वास घेतला. ओल्या लाकडाखाली अजून शहाजिऱ्याचा वास होता. मग सगळंच परत आलं.

ट्राउडल आँटी आमची शेजारीण. मी सातआठ वर्षांची असताना आम्ही या गल्लीत राहायला आलो. बाबांना जवळच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. उंच, हाडापेराची बाई, पांढरे केस डोक्याभोवती वेणी करून गुंडाळलेले, हात कायम पिठात. गल्लीच्या लेखी ती ‘ती जर्मन बाई’. तिला मात्र जर्मन म्हटलेलं खपायचं नाही. ती ग्रोमतालची होती.

ग्रोमताल म्हणजे डोंगरातली एक चिंचोळी दरी. एका उतारावर दिवसभर ऊन, समोरच्या उतारावर हिवाळाभर सावली, आणि खाली ओढ्याकाठी गिरणी आणि चार घरं. एवढ्याशा जागेत बोली तीन. उन्हाकडची, सावलीकडची, ओढ्याकाठची. तिन्ही मिळून ग्रोमिश. पावाला एकीकडे ‘ब्रुअट’, दुसरीकडे ‘ब्रोआ’, खाली ‘ब्राउद’. ट्राउडल सावलीकडची. तिची मैत्रीण रेझी ओढ्याकाठची. ती हाउन्सलोला राहायची आणि दर गुरुवारी गाड्या बदलत पिनरला यायची. सावलीकडचे लोक शब्दांची शेपटं गिळतात, कारण थंडीत तोंड उघडं कोण ठेवणार, असं रेझी म्हणायची. ओढ्याकाठचे बहिरे असल्यासारखे ओरडतात, पाण्याच्या आवाजावर चढायची सवय, असं ट्राउडल म्हणायची. आणि उन्हाकडचे स्वर ओढत बसतात, त्यांना कसली घाई, यावर दोघींचं एकमत होतं. हे सगळं आम्हाला इंग्रजीत सांगायच्या. एकमेकींशी मात्र ट्राउडल ‘ब्रोआ’ म्हणायची, रेझी ‘ब्राउद’ म्हणायची, आणि पाव एकच असायचा.

कारण दरीचा रिवाज तसा होता. पुलापाशी तिन्ही बाजूंची मिळून एक भट्टी होती आणि गुरुवारी सगळ्या बायका तिथे पाव भाजायला जमायच्या. भट्टीपाशी आपापलं बोलायचं, दुसरीचं ऐकायचं. लग्न होऊन समोरच्या उतारावर गेली तरी बाई आपली बोली सोडायची नाही, आणि मुलं पहिली बोली आईची उचलायची. दुसरीची बोली आपल्या तोंडात घेणं हा मोठा अपमान. एक तर तिला वेडावताय, नाही तर तिच्या घरातलं उचलून नेताय. ट्राउडलने ती भट्टी पिनरच्या स्वयंपाकघरात आणली होती. बाकावर बसणाऱ्याने घरची बोली बोलायची. इंग्रजी बोलणाऱ्यांना समोर खुर्च्या होत्या. इंग्रजी म्हणजे तिच्या लेखी बाहेर जाताना अंगावर चढवायचा कोट. तिचा नवरा यॉर्कशरचा होता, आम्ही यायच्या आधीच वारलेला. तोसुद्धा बाकावर बसला की ऑफिसातलं इंग्रजी सोडून आपल्या आजीसारखा बोलायचा म्हणे.

आणि त्या बाकावर जागा मिळाली कुणाला? माझ्या आईला.

आई वेंगुर्ल्याकडची. पण हे मला तेव्हा फक्त नकाशावर माहीत होतं. लग्न होऊन ती पुण्यात बाबांच्या घरी आली आणि तिथे तिची बोली पुसून नवी करण्यात आली, असं आता म्हणता येईल. ‘माका’ म्हटलं की नणंदा हसायच्या, एवढं मला मावशीने पुढे कधीतरी सांगितलं. मी पाहिली ती आई बाबांसारखं, सावकाश, जपून, बारीक आवाजात बोलणारी. आमच्याशीही तसंच. बाबा रविवारी मला समोर बसवून मराठी लिहायला शिकवायचे. हे लिहितेय तेही बाबांच्याच मराठीत, आणि ते उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्याच शरद ऋतूतली गोष्ट. ट्राउडलने आमच्याकडे सफरचंदाचा केक पाठवला होता, ती बशी परत द्यायला आई निघाली आणि मी तिच्यामागे. रिकामी बशी द्यायची नाही म्हणून आईने तीत नारळाच्या वड्या घातलेल्या. स्वयंपाकघरात भट्टीतून नुकतेच काढलेले पाव होते. बशी ठेवायला जागा करावी म्हणून आईने समोरचा ट्रे सरकवला. तो तापलेला होता.

“आवशीचो घो!” आई ओरडली.

तो आवाज माझ्या आईचा नव्हता. मोठा, भरलेला, पोटातून आलेला. आईनेच दचकून तोंडावर हात ठेवला. रेझी खो-खो हसायला लागली. ट्राउडलने आईचं मनगट धरून बोट नळाखाली घातलं, आणि मग बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, “दॅट. दॅट इज युअर्स. नाउ सिट.”

आई बसली. मी तिच्याशेजारी बसायला गेले तर ट्राउडलने प्रेमाने, अगदी प्रेमाने, मला समोरची खुर्ची ओढून दिली.

रात्री जेवताना मी तो नवा शब्द बाबांना ऐकवला. बाबांच्या हातातला घास तसाच राहिला.

“हे कुठून शिकलीस?”

आई ताटात बघत होती.

“असलं काही घरात नको हं,” बाबा मला म्हणाले, पण बघत आईकडे होते. “मुलं लगेच पिक-अप करतात. उद्या तिथे पुण्याला जाऊन बोलली म्हणजे?”

बाबा वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की आम्हाला चांगलं तेच द्यावं. तेव्हापासून आईची मालवणी कुंपणापलीकडे गेली ती गेलीच.

गुरुवारी आईला हॉस्पिटलमधल्या रेकॉर्ड्सच्या कामातून दुपारून सुट्टी असायची. शाळेतून मी थेट ट्राउडलकडे जायची. बागेच्या दारापासूनच वास सुरू व्हायचा: आंबलेल्या राईच्या पिठाचा, शहाजिऱ्याचा, आणि पुढेपुढे तळलेल्या बांगड्याचासुद्धा. आमच्या घरी पडद्यांना वास लागतो म्हणून मासे नव्हते. बांगडा म्हणजे इथलं मॅकरल, ते आई ट्राउडलकडेच तळायची, तिरफळं बाटलीत घालून तिकडेच ठेवलेली. मी खिडकीशी थांबायची. आत तिघी बाकावर. आई हातवारे करत काहीतरी सांगतेय, पदर कमरेला खोचलेला, गाल लाल झालेले. ट्राउडल तिचं अर्धं गिळलेलं ग्रोमिश बोलतेय, रेझी ओरडतेय. एकीला दुसरीची भाषा येत नाही. आणि हसतात मात्र तिघी एकदम.

मी दार लोटलं की आईचा आवाज खाली यायचा. “आलीस बाळा? हात धुऊन घे.” परत तो बारीक, इस्त्रीचा आवाज. मला तो नको होता. मला आतला हवा होता, जो मी येण्याआधी चालू होता. रेझीसाठी होता, ट्राउडलसाठी होता. ज्या बाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं तिला आई पोटातलं सगळं द्यायची, आणि मला द्यायची ‘हात धुऊन घे’. माझा जळफळाट व्हायचा. ट्राउडलची ती वेणी कात्रीने कापावी असं वाटायचं. तिने दिलेला पाव मी मुद्दाम अर्धा टाकायची, आणि तो इतका चांगला असायचा की टाकताना जीव तुटायचा.

एकदा आईला विचारलंही. “आई, मला का नाही शिकवत तू? तुझा ते तिकडचा भाषा?”

“तिकडचा नाही, तिकडची,” आई म्हणाली. “आणि तुला कशाला ती? तुझं शाळेत किती छान चाललंय. मराठीपण बाबा शिकवतात ती किती शुद्ध.”

“मग तिच्याशी का बोलते? शी डझन्ट इव्हन अंडरस्टँड!”

आई माझे केस विंचरत होती. कंगवा थांबला. “म्हणूनच तर,” ती म्हणाली, आणि वेणी घालायला घेतली.

मग मी ठरवलं, आई देत नाही तर ट्राउडलचंच घेऊ. कान माझे तीक्ष्ण होते. महिनोन्‌महिने खुर्चीवर बसून मी ग्रोमिश टिपत राहिले. सावलीकडची गिळलेली शेपटं, तो घशातला ‘ख’, सगळं बाथरूमच्या आरशासमोर घोटून बसवलं. एका गुरुवारी पाव कापायची वेळ झाली तेव्हा मी उठून उभी राहिले आणि म्हटलं. पाव छान झालाय, मला कडेचा तुकडा दे, आणि मी बाकावर बसू का. सगळं ग्रोमिशमध्ये, ट्राउडलच्या सुरात, एकही चूक न करता.

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. रेझीने मान खाली घातली. ट्राउडलने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिच्या कपाटातला तिचा झगा घालून समोर आलंय. काय झालं ते आईला कळलं नाही, ती एकदा ट्राउडलकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

मग ट्राउडलने कडेचा तुकडा कापला, स्वच्छ फडक्यात बांधला, माझ्या हातात दिला आणि मागचं दार उघडलं. “दॅट इज माइन, लीबलिंग,” ती म्हणाली. रागाने नाही, लाडक्या पोरीला सांगावं तसं. “यू कम बॅक विथ युअर्स.”

दरीत असंच करायचे म्हणे, दुसऱ्याचं बोलणाऱ्या पोरांना पाव देऊन घरी पाठवायचे. हे रेझीने नंतर समजावलं. पण माझं कुठलं? बाबांचं मराठी आईचं नव्हतं. इंग्रजी म्हणजे कोट. तो कडेचा तुकडा मी शेडमागे बसून रडत खाल्ला, आणि तितका चांगला पाव मी पुन्हा खाल्लेला नाही.

त्यानंतर गुरुवारी मी लायब्ररीत जाऊ लागले. शाळेत मात्र हट्टाने जर्मन घेतलं आणि पहिली आले. सर्टिफिकेट घेऊन ट्राउडलकडे गेले आणि पुस्तकी, कडक इस्त्रीचं जर्मन तिच्यासमोर झाडलं. ती कौतुकाने “व्हेरी नाइस, डिअर” म्हणाली. इंग्रजीत. आणि खुर्ची ओढून दिली.

त्या दिवशी आई मात्र बाकावर पीठ मळायला बसली होती. ट्राउडलच्या फ्रिजमध्ये झाकण सैल केलेली एक बरणी असायची, तीत आंबवलेल्या पिठाचा गोळा. आईने विचारलं तेव्हा ट्राउडलने सांगितलं, हे माझं नाही, रेझीचं. माझं हाउन्सलोला तिच्याकडे आहे. दरीत प्रत्येक घरचं आंबवण ओढ्यापलीकडच्या एका घरात जपून ठेवलेलं असायचं. आपलं नासलं, घर जळलं, काही झालं, तर त्या घरच्या बाईकडून आपलंच परत आणायचं. तिने त्याचा पाव स्वतःसाठी भाजायचा नाही, फक्त जिवंत ठेवायचं.

“विरजणासारखं,” आई मला म्हणाली. मी खांदे उडवले. मला त्यांच्या पिठात काडीचा रस नव्हता, असं मी दाखवत होते.

मी युनिव्हर्सिटीला गेले. परत येई तेव्हा आई दर वेळी थोडी बारीक झालेली दिसायची. शेवटचं आठवतं ते हॉस्पिटलच्या वॉर्डातलं दुपारचं ऊन, खिडकीत डॅफोडिल्स, आणि ट्राउडल. ती बसने यायची, ओव्हरकोट काढून खुर्चीच्या पाठीला लावायची आणि आईचा हात हातात घ्यायची. आजारात आईचं इंग्रजी गेलं होतं, पुण्याचं मराठीही गेलं होतं. ती फक्त मालवणी बोलत होती, भराभर, पूर्वीच्या त्या मोठ्या आवाजात. ट्राउडल तिच्या बोलीत उत्तर देत होती. बाबा आणि मी दाराशी उभे.

“काय म्हणतेय ती?” बाबांनी मला हळूच विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मला नाही येत, बाबा.”

आई जात होती आणि मी दुःखापेक्षा हेव्याने जळत होते. तो हात माझ्या हातात हवा होता. ते बोलणं माझ्याकडे तोंड करून हवं होतं, कळलं नसतं तरी.

तर तो बाक. मी फुटपाथवर उभी असताना आतून रेझीचा मुलगा मार्टिन आणखी एक खोकं घेऊन आला. रेझी गेली, दोन हिवाळे झाले, त्याने सांगितलं. ट्राउडलला त्याने क्रॉयडनला, स्वतःच्या घराजवळच्या केअर होममध्ये ठेवलंय. घर विकलं.

“हा हवाय का तुला?” बाकाकडे बघत त्याने विचारलं.

“नको,” मी म्हटलं. मग म्हटलं, “थांब. नको टाकू लगेच.”

पुढच्या शनिवारी क्रॉयडनला गेले. का गेले, ते खरं सांगायचं तर तिला बरं वाटावं म्हणून गेले नव्हते. तिला विचारायचं होतं. आई काय सांगायची तुला? इतकी वर्षं काय बोलत होती? मला त्यातलं थोडं तरी दे.

ट्रेन लेट झाली. केअर होममध्ये जेवणं उरकत होती, उकडलेल्या कोबीचा वास. दारातल्या नर्सने आधीच सांगून ठेवलं. “शी हॅज लॉस्ट हर इंग्लिश, लव्ह. आमच्याकडे एक हॅम्बर्गची मुलगी आहे, तिला बोलावलं, तर तिलाही एक शब्द कळेना. कुणालाच कळत नाही ती काय बोलते.”

खिडकीशी पलंगावर उशीला टेकून ट्राउडल बसली होती. वेणी आता उंदराच्या शेपटीएवढी, पण डोक्याभोवती गुंडाळलेली. हात पांढऱ्या चादरीवर, पिठाशिवाय. मी दाराशी थांबले. काय बोलायचं? तिच्या बोलीची तर मला मनाईच होती. शाळेचं जर्मन नको. इंग्रजी तिला राहिलं नव्हतं. इतक्या लांब आले होते आणि तोंडात एक शब्द नव्हता.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग आईचा आवाज आला.

“इलंस गो चेडवा? वायच बस.”

तोच. मोठा, भरलेला, पोटातला. प्रत्येक हेल आईचा. आलीस का गं पोरी, जरा बस, एवढं मलाही कळलं. मी दाराची चौकट धरली. जन्मभर जिने दुसऱ्याचा शब्द कधी तोंडात घेतला नाही, माझ्या तोंडात घेऊ दिला नाही, ती बाई हे बोलत होती. “वायच बस,” ती पुन्हा म्हणाली. “जेवलंस?”

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितेच. हेवा वाटला. अजूनही, या वयात, असा कडकडून की डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्या आईचा आवाज, आणि तो हिच्याकडे. मग तिचा चेहरा दिसला. तिला तो आवाज स्वतःसाठी नको होता. शब्द उतरवून ती माझ्याकडे नुसती बघत होती, जपलेली बरणी ज्याची त्याला पोचवून मोकळं झाल्यावर बघावं तशी. हे सगळं आई मला म्हणत होती का? त्या खिडकीआड, मी दार लोटायच्या आधी, गुरुवारी गुरुवारी? शाळेतून येणाऱ्या मला काय म्हणायचं, ते आधी तिथे म्हणून बघत होती?

ट्राउडल वाट बघत होती. आपलं बोलायचं, दुसरीचं ऐकायचं. रिवाज रिवाज होता.

“नाही जेवले अजून,” मी म्हटलं. “ट्रेन लेट होती ना, आँटी. काही खाल्लाच नाही मी, सकाळपासून. आय ॲम स्टार्व्हिंग.”

बाबांनी ऐकलं असतं तर तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. ट्राउडलने डोळे मिटून ते सगळं ऐकून घेतलं. मग हसली, तिच्या गिळलेल्या ग्रोमिशमध्ये काहीतरी म्हणाली, आणि चादरीखालचे पाय ओढून घेत तिने पलंगावर जागा केली.

मी तिच्याशेजारी बसले.